गोळीचं कवच संडासात दिसलं म्हणून औषध सोडू नका

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होण्याचा आजार. त्याच्या रुग्णांमध्ये, ही सूज कमी करणाऱ्या मेसालामाइन या औषधाबद्दल एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘मेसालामाइनची गोळी पचतच नाही, संडासातून जशीच्या तशी पडते. ते खरं तर स्टेरॉइडच आहे, किडनी खलास करतं. रक्त पडायचं थांबलं की गोळी बंद करा आणि हळद सुरू करा.’ औषधाच्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्या मला हा मेसेज लोक मोबाइलवर उघडून दाखवतात. तो वाचून काहींनी गोळ्या सोडल्याही आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

‘जशीच्या तशी पडते’ हा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. पण जे दिसतं ते बहुतेक वेळा रिकामं कवच असतं. मेसालामाइन रक्तात जाऊन काम करणारं औषध नाही. जखमेवर मलम लावावं तसं ते मोठ्या आतड्याच्या अस्तराला आतून लागावं लागतं. कवच नसेल तर ते लहान आतड्यातच शोषलं जातं, लघवीवाटे निघून जातं आणि जिथे सूज आहे तिथपर्यंत फारसं पोचत नाही. म्हणून गोळीवर असा थर चढवतात, जो जठरातल्या आम्लात टिकतो आणि लहान आतड्याच्या शेवटी, पीएच (आम्लतेचं माप) सातच्या आसपास गेला की विरघळू लागतो. तिथे कवच फुटतं, औषध बाहेर येतं आणि टरफल पुढे सरकतं. काही प्रकारांत बारीक दाणे असतात, तेही शौचात दिसू शकतात. ‘गोळी फार मोठी आहे, अर्धी करून घेऊ का?’ असं कुणी विचारलं की मी ‘नको’ म्हणतो, ते याचसाठी. मात्र जुलाब जोरात असताना अख्खी, न फुटलेली गोळी वारंवार पडत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. औषधाचा प्रकार बदलता येतो.

हा सगळा खटाटोप का करावा लागला, त्यालाही इतिहास आहे. स्वीडनच्या डॉक्टर नाना स्वार्ट्झ यांनी सल्फासॅलाझिन हे या आजारावरचं आधीचं औषध पुढे आणलं. त्यात दोन रेणू जोडलेले असतात आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू तो जोड तोडतात. १९७७ साली ऑक्सफर्डमध्ये आझाद खान, ट्रूलव्ह आणि सहकाऱ्यांनी हे दोन भाग एनिमातून (गुदद्वारावाटे द्रव सोडून) वेगवेगळे देऊन पाहिले. गुण येत होता तो ५-अमिनोसॅलिसिलिक ॲसिडने, म्हणजेच मेसालामाइनने. दुसरा भाग, सल्फापायरिडिन, फक्त वाहक होता, आणि बरेचसे दुष्परिणाम त्याचेच होते. वाहक काढून टाकला, तेव्हा औषध खाली पोचवायला कवच लागलं. मेसेज ज्याला दोष म्हणतो, तीच या गोळीची मुख्य युक्ती आहे.

स्टेरॉइड? नाही. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड वेगळं, हे वेगळं. मेसालामाइन अस्तराच्या पेशींमध्ये सूज वाढवणारे संदेश दाबतं, ल्युकोट्राइन्स आणि प्रोस्टाग्लँडिन्स ही सूज आणणारी रसायनं कमी करतं. त्याने चेहरा सुजत नाही, हाडं ठिसूळ होत नाहीत.

किडनीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि ते लपवू नये. थोडं औषध शोषलं जातंच, आणि क्वचित एखाद्याच्या मूत्रपिंडाला सूज येते. त्यासाठी औषध सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते सांगणारा घटक) तपासतात. ही तपासणी टाळू नका. भीतीने परस्पर गोळी सोडणं हा त्यावरचा उपाय नाही.

रक्त थांबलं की बंद करा, हा सल्ला तर घातक आहे. रक्त थांबतं तेव्हाही अस्तरात सूज शिल्लक असू शकते. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ९९ रुग्णांच्या अभ्यासात, औषध नियमित न घेणाऱ्यांना आजार उलटण्याचा धोका पाचपटीहून जास्त आढळला. हे सगळे रुग्ण अभ्यासाच्या सुरुवातीला बरे वाटणारेच होते. शिवाय वर्षानुवर्षं धुमसणाऱ्या सुजेमुळे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

हळदीवर खरोखर अभ्यास झालेत. जपानमध्ये २००६ साली झालेल्या चाचणीत कर्क्युमिन (हळदीतला एक घटक) दिलं होतं, पण सल्फासॅलाझिन किंवा मेसालामाइन चालू ठेवून, जोडीला. तेही दिवसाला दोन ग्रॅम कर्क्युमिन. फोडणीतल्या चिमूटभर हळदीतून तेवढं मिळत नाही.

मेसेजमध्ये जे यायला हवं होतं ते आलंच नाही. सूज फक्त गुदाशयात असेल तर तोंडाने घ्यायच्या गोळीपेक्षा सपोझिटरी (गुदद्वारातून आत ठेवायची औषधाची वडी) जास्त गुणकारी ठरते. लोक संकोचाने ती परत आणून देतात, तसं करू नका. आणि काही थोड्या जणांना हे औषध सोसतच नाही. सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जुलाब आणि रक्त उलट वाढलं, ताप आला, तर ‘आजारच बळावला’ असं समजून घरी बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि गोळी कधी सुरू केली ती तारीख सांगा.