पाजणाऱ्या आईला सुई नको म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या वाडीतल्या एका सुनेला काल तिन्हीसांजेला कुत्रा चावला. पोटरीला, दात रुतून रक्त येईपर्यंत. तिचं पोर पाच महिन्यांचं, अंगावर पितंय. आणि मला हे कधी कळलं? आज सकाळी, नळावर. म्हणजे अख्खी रात्र ती मुलगी जखमेत हळद-चुना भरून, फडकं बांधून घरात बसून होती. का, तर "सुई दुधात उतरंल, पोराला बाधंल." सासूने सांगितलं, शेजारच्या काकीने री ओढली, आणि विरारवरून नवऱ्याने फोनवर निकाल दिला की कुत्रा दहा दिवस जगतो का बघू, मग ठरवू.

दहा दिवस बघू म्हणे!

मी तिला घेऊन तालुक्याला गेले. निघण्याआधी परसातल्या नळाखाली तो चुना साबणाने धुवून काढला, चांगली पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली पाय धरून. चावल्या चावल्या हेच करायचं असतं. हळद नाही, चुना नाही, तंबाखू नाही, मिरचीपूड नाही, नुसता साबण आणि पाणी. दवाखान्यात दोन्ही दंडांवर कातडीत लस टोचली आणि रक्त आलं होतं म्हणून जखमेच्या आजूबाजूला रेबीजला लगेच अडवणारं ते दुसरं सीरमही टोचलं. सरकारी दवाखाना, पैसा लागला नाही. पोर मांडीवरच होतं. पाजू का, असं तिने इतक्या हळू विचारलं की मलाच ते पुन्हा मोठ्याने विचारावं लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, पाजायचंच. आत्ता पाजा, इथेच पाजा." बाकावर बसून तिने पाजलं.

मग मला माझं २०२१ आठवलं आणि रिक्षात परत येताना डोकं जास्तच तापलं.

माझा मुलगा तेव्हा तान्हा होता. ग्रामपंचायतीत काम करते म्हणून फ्रंटलाइनच्या यादीत माझं नाव आलं होतं. १६ जानेवारीला देशात कोरोनाची लस सुरू झाली आणि पुढच्या महिन्यात आम्हा लोकांची पाळी आली. रांगेत उभी राहिले, टेबलापर्यंत पोचले. समोरच्याने कागदावरून मान वर न करता विचारलं, "पाजता का?" हो म्हटलं. "मग नाही." झालं. मागचा माणूस पुढे सरकला. त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता, वरून आलेल्या सूचनेतच गरोदर आणि स्तनदा मातांना वगळलेलं होतं. पण मी विचारते, का वगळलं? लशीच्या चाचण्या झाल्या तेव्हा पाजणाऱ्या बायकांना त्यात घेतलंच नव्हतं. घेतलं नाही म्हणून माहिती नाही, आणि माहिती नाही म्हणून लस नाही! जागतिक आरोग्य संघटना त्याच जानेवारीत म्हणत होती की पाजणारी बाई जोखमीच्या कामात असेल तर तिला लस द्या, दूध तोडायला सांगू नका. आमच्या टेबलापर्यंत ते पोचलं नाही. मी मात्र रोज पंचायतीत बसत होते. दाखले लिहीत होते, मुंबईहून आलेल्या लोकांची नावं उतरवून घेत होते. त्या कामाला कोणी म्हटलं नाही की बाई, तू पाजतेस, तू घरी थांब. कामाला चालते, लशीला चालत नाही. हा कुठला न्याय?

आजच्या सुनेचंही तेच. कालच्या दिवसात ती विहिरीवर गेली, गुरांचं शेण काढलं, भाकऱ्या थापल्या. चावल्यावरही रात्रीची भांडी तिनेच घासली असणार, मी पैजेवर सांगते. दुधाची आठवण फक्त सुईच्या वेळी झाली.

त्या दहा दिवसांविषयी सांगते, कारण हा गैरसमज चांगली शिकलेली माणसंही बोलतात. चावलेला कुत्रा किंवा मांजर दहा दिवस धडधाकट राहिलं तर त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, एवढं खरं. पण त्याचा अर्थ दहा दिवस थांबा असा होत नाही. इंजेक्शन आजच सुरू करायचं आणि कुत्रा ठीक दिसला तर पुढचं काय ते डॉक्टर ठरवतात. आणि इथला कुत्रा कुठे बांधलेला आहे? भटका तो, चावला आणि खाली किनाऱ्याकडे गेला. हर्णैला मासळीचा लिलाव होतो तिथे कुत्र्यांची फौज असते, त्यातला कुठला हे कोण ओळखणार? आणि रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. हे वाक्य मी त्या विरारच्या नवऱ्याला फोनवर सांगितलं. पलीकडे शांतता. मग म्हणाला, "पण वहिनी, दुधातून..."

दुधातून काय?

रेबीजची लस मेलेल्या विषाणूची असते. मेलेला विषाणू वाढत नाही, आईला रोग देत नाही, तर पोराला कुठून देणार? ती दंडाच्या कातडीत टोचतात, आणि तिथे आईचं शरीर तिला ओळखून तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, तयार करतं. कोरोनाच्या लशींचंही तेच, कोव्हॅक्सिन मेलेल्या विषाणूची आणि कोव्हिशिल्डमधला विषाणू शरीरात वाढू न शकणारा. दुधात काही उतरलंच असेल तर ती आईची प्रतिपिंडं, कोरोनाची लस घेतलेल्या आयांच्या दुधात ती सापडलीत. गरोदरपणात धनुर्वाताचं इंजेक्शन देतात ते आईसाठी आणि बाळासाठी दोघांसाठीच ना? ते गावातल्या प्रत्येकीने घेतलंय, या सासूनेही सुनेला नेऊन दिलंय. तेव्हा पोर पोटात होतं, नाळेने जोडलेलं. तेव्हा चाललं!

बरं, एक अपवाद आहे, तो सांगते नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये येईलच. आफ्रिकेकडे डासांमुळे होणाऱ्या यलो फीव्हर या तापाची लस जिवंत विषाणूची असते आणि तान्हं बाळ पाजणाऱ्या बाईला ती शक्यतो देत नाहीत. आपल्याकडची मुलं बोटीवर जाताना घेतात तीच ती. वाडीतल्या किती पाजणाऱ्या बायका आफ्रिकेला निघाल्यात ते तुम्हीच सांगा.

आणि हो, २०२४ मध्ये कोव्हिशिल्डमुळे क्वचित होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांची बातमी आली, तीही मी वाचली. दुर्मीळ होतं, पण होतं. तरीही मी घेतली ते बरोबरच केलं असं मला आजही वाटतं.

सासूवर मी सकाळी खूप ओरडले. आता रात्री लिहिताना तिचा चेहरा डोळ्यांसमोर येतोय. म्हातारीच्या भावाला लहानपणी कुत्रा चावला होता. तेव्हा पोटात इंजेक्शनं घ्यायची, चौदा. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस, बेंबीभोवती टोचायचे. रिक्षात बसताना ती मला सांगत होती, पोर रोज किंचाळायचं, दोघं धरायचे, पोट सुजून टणक व्हायचं. ती लस आपल्या देशात २००५ पासून बंद झाली, आता कातडीतली चार दिवसांची इंजेक्शनं असतात: पहिल्या दिवशी, मग तिथपासून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. पण तिला हे कोणी सांगितलंय? तिने आयुष्यात पाहिलेलं कुत्र्याचं इंजेक्शन ते एकच. तिला वाटलं, सुनेच्या पोटात चौदा सुया घालणार आणि पोर त्या पोटाला बिलगून पिणार. तिच्या जागी मी असते तर मीही नको म्हटलं असतं. म्हातारीचा राग गेला माझा. दवाखान्यातून आल्यावर तिने सुनेचा दंड उघडून बघितला, "एवढंसंच?" म्हणाली आणि पोराला उचलून घेऊन गेली, बाई जरा पडूदे म्हणून.

पण विरारचा राग जात नाही.

कारण माझ्याकडेही तेच झालं होतं. मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. माड-पोफळी आडव्या, खांब पडलेले, लाईट नाही, रेंज नाही. निसर्ग वादळाने आदल्या वर्षी ३ जूनला छप्परं नेली होती, त्यातून सावरत होतो तर हे. आणि त्याच गडबडीत १९ मे २०२१ ला दिल्लीने जाहीर केलं की स्तनदा मातांना लस देता येईल. आम्हाला अंधारात काय कळणार? आशाताई चिखल तुडवत घरी आली आणि तिने सांगितलं, "आता तुझं नाव लाव, आता चालतंय." तिचे उपकार मी विसरणार नाही. गरोदर बायकांना तर त्यापुढेही थांबावं लागलं, २ जुलैपर्यंत. त्या दुसऱ्या लाटेत!

परवानगी आली आणि घरचे फोन सुरू झाले. आत्याबाई मुंबईहून, चुलत दीर पुण्याहून, ज्यांनी माझ्या पोराला तोवर डोळ्यांनी पाहिलं नव्हतं ते सगळे. "एवढी घाई काय आहे? पोर मोठं होऊदे." एका खासगी डॉक्टरांनी सांगितलं, लस घ्या पण दोन दिवस दूध पिळून टाकून द्या. टाकून द्या! पावसाळ्याच्या तोंडाशी, विहिरीचं पाणी गढूळ झालेलं असताना त्या पाण्यात कालवलेलं डब्याचं दूध पोराला द्यायचं आणि स्वतःचं मोरीत ओतायचं? पोराला जुलाब लागले असते तर तालुक्याला कोण नेणार होतं, आत्याबाई? आणि या सगळ्या फोनांमध्ये एकानेही मला विचारलं नाही की तुला काय वाटतं. एकाच्याही तोंडून आलं नाही की तुला काही झालं तर पोराचं काय होईल. ही काळजी सगळी दुधाची असते. ज्या बाईचं ते दूध, तिची कोणालाच नसते.

लस घेतली त्या रात्री मला ताप आला, अंग ठणकलं. बाहेर पाऊस, आत पोर दर दोन तासांनी उठतंय. भीती वाटली. खोटं कशाला सांगू, पाजताना त्याचं कपाळ पुन्हा पुन्हा हाताने बघत होते. आशाताईने दिलेली पॅरासिटामॉलची गोळी घेतली, ती पाजणाऱ्या बाईला चालते. सकाळी माझा ताप उतरला, पोराला काहीही झालं नव्हतं. भूक लागली म्हणून भोकाड पसरून बसलं होतं. आज आमच्या अंगणात तोच मुलगा आहे, शाळेत जातो, झाडावरून उतरत नाही.

म्हणून मला त्या विरारवाल्याचा राग येतो. तो वाईट माणूस नाही, मला माहीत आहे. दर महिन्याला पैसे पाठवतो, गणपतीला येतो, पोराचे फोटो मागतो. रात्री त्याचा परत फोन आला, पुढची इंजेक्शनं कधी ते लिहून घेतलं, बायकोशी बोलला. तेवढं केलं त्याने. पण त्या पहिल्या फोनवर "दहा दिवस बघू" म्हणायला त्याला एक क्षण लागला आणि तिला तेवढ्यावर एक रात्र काढावी लागली. 'थांबा, बघू' म्हणणाऱ्यांना वाटतं की आपण काहीच ठरवलेलं नाही. ठरवलेलं असतं! फक्त त्याची किंमत दुसरीने मोजायची असते.

आणि ती मुलगी स्वतः? रिक्षात मी तिला विचारलं, तुला काय वाटत होतं गो? म्हणाली, "मला रात्रीच यायचं होतं वहिनी. कोणी विचारलंच नाही." तेवढं बोलली आणि पोराच्या टोपडीची नाडी बांधत बसली.

आता कामाचं. आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर डेंग्यूचा बोर्ड आहे, लेप्टोचा आहे, हात धुण्याचा आहे. कुत्रा चावल्यावर काय करायचं याचा नाही, आणि पाजणाऱ्या बाईने लस घ्यावी की नाही हे तर कुठेच लिहिलेलं नाही. डॉक्टर येतील त्या दिवशी मी परवानगी घेऊन ठेवते. बोर्ड मोठा हवा, चार फूट तरी, आणि अक्षरं इतकी ठसठशीत की चष्मा नसलेल्या आजीलाही वाचता आली पाहिजेत. मजकूर मी लिहून देते: साबण-पाणी पंधरा मिनिटं, चुना-हळद नको, त्याच दिवशी इंजेक्शन, गरोदर असलात तरी घ्या, पाजत असलात तरी घ्या आणि पाजत राहा. दापोलीकडचा कोणी रंगारी ओळखीचा असेल तर नंबर मेसेजमध्ये द्या. गणपतीला चाकरमानी यायच्या आत लागला पाहिजे. रंगाचे पैसे मी देते.