हात दाखवून अवलक्षण

माझ्या भाच्याने दुर्बिणीसमोर हात हलवला होता. पाचही बोटं पसरून, चांगला मिनिटभर. हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे. पण तो हात खाली हॉलमध्ये बसलेल्या सत्तर माणसांना दिसला नाही, आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे चेक न वटलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतायत.

झालं असं, की 30 नोव्हेंबरच्या रविवारी आमच्या सोसायटीत आकाशदर्शन ठेवलं होतं. दुर्बीण गच्चीवर, माणसं तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, आणि दुर्बिणीतून जे दिसेल ते थेट पडद्यावर. कल्पना माझीच, दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

गेल्या वर्षी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं होतं. लिफ्ट अकराव्या मजल्यापर्यंत, पुढे लोखंडी जिना. तो चढून आलेल्या आज्यांना आधी खुर्ची, मग पाणी, मग गुरू. दीडशे माणसं आणि प्रत्येकी चाळीस सेकंद धरले तरी पावणेदोन तासांचा मामला; तोवर रांगेचं शेपूट जेवायला निघून जातं. शिवाय लोक भलतेच सभ्य. 'दिसलं का?' विचारलं की 'हो हो, छान!' म्हणून पुढे सरकतात. मध्येच दव पडतंय म्हणून मी झाकण लावलं आणि काढायला विसरलो, तर त्या झाकणातून नऊ जणांनी गुरू पाहिला. एका बाईंनी त्याचे चार चंद्रही मोजले. गॅलिलिओलाही 1610 साली चारच दिसले होते, त्यामुळे झाकण हाताला लागेपर्यंत मी त्यांचं कौतुक करत होतो.

तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी पडदा.

पडदा म्हणजे काय हे तेव्हा माहीत नव्हतं. आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, जागी छोटा कॅमेरा बसवायचा, तो लॅपटॉपला जोडायचा, इथवर सोपं आहे. पण यूएसबीची साधी केबल पाचेक मीटरच्या पुढे रुसते, आणि हॉल बारा मजले खाली. म्हणून लॅपटॉपही गच्चीवर आणि तिथून लॅनची केबल डक्टमधून खाली, कारण ती शंभर मीटरपर्यंत तक्रार करत नाही. तक्रार तिसऱ्या मजल्यावरून आली. केबल त्यांच्या ड्राय बाल्कनीवरून जात होती. पुढे समेट झाला असावा, कारण संध्याकाळी खाली उभं राहून वर पाहिलं तर केबलवर दोन टॉवेल आणि एक बनियन वाळत होता.

आणि अंधार. बागेतले फ्लडलाइट तासभर बंद ठेवा, एवढीच विनंती होती. कमिटी म्हणाली, लेखी द्या. मी लेखी दिलं. विषय: 'रविवार रोजी सायं. 7 ते 8 या वेळेत अंधार मिळणेबाबत.' दोन प्रती. उत्तर आलं: कार्यक्रम हॉलच्या आत असल्याने बाहेर अंधाराची आवश्यकता दिसून येत नाही. त्यावर काय बोलणार? याच पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेची मंडळी 1944 पासून लोकांना आकाश दाखवतायत. त्यांना सुरुवातीला अंधार फुकट मिळत असणार. आता आमच्या गच्चीवरून देवयानीची दीर्घिका शोधायची तर पंचवीस लाख प्रकाशवर्षं ओलांडणं परवडतं, पण बाजूच्या मॉलचा एलईडी बोर्ड ओलांडता येत नाही. त्यावर दर दहा सेकंदांनी एक बाई मंगळसूत्र घालून हसते. ती हसली की अख्खी गच्ची गुलाबी होते.

तर रविवार. सात वाजता हॉल भरला. आधी चंद्र दाखवला. चंद्रावर कुणी शंका घेतली नाही, चंद्र ओळखीतला. मग भाच्याने दुर्बीण शनीकडे वळवली आणि पडद्यावर तो आला. लाडवाएवढा पिवळसर गोळा आणि मधोमध आरपार गेलेली एक बारीक रेघ, लिंबात दाभण खुपसावं तशी. हवेमुळे सगळं हलत होतं. विहिरीच्या तळाशी पडलेलं भांडं वरून दिसावं तसं. मला विचाराल तर देखणं दृश्य. हा असा, जवळजवळ कडी नसलेला शनी पंधराएक वर्षांतून एकदा मिळतो. मी माइक घेतला, आणि पहिल्या रांगेतून आवाज आला.

"हे कुठून लावलंय?"

बी विंगमधले ऑडिटर काका. सरकारी हिशेब तपासण्यात अडतीस वर्षं घालवून निवृत्त झालेले. वार्षिक सभेत 'फिनेलचे दोन डबे कुठे गेले' हे विचारणारे ते हेच.

"लावलं नाही काका, लाइव्ह आहे. वर दुर्बीण आहे."

"दुर्बीण आहे ते कळलं. पण हे कुठून लावलंय? यूट्यूब?"

"नाही हो."

"मग कडी कुठायत?"

प्रश्न रास्त होता. मी सांगितलं, की शनी साडेएकोणतीस वर्षांत सूर्याला एक फेरी घालतो, त्यात दोनदा त्याची कडी आपल्याला अगदी काठावरून दिसतात. कधी ती 27 अंशांपर्यंत कललेली असतात, यंदा अर्ध्या अंशाच्या आसपास. पावणेतीन लाख किलोमीटर पसरलेली कडी, पण जाडी बऱ्याच ठिकाणी आपल्या बी विंगच्या उंचीपेक्षाही कमी. मग ती रेघेसारखीच दिसणार. 1612 मध्ये गॅलिलिओचीसुद्धा अशीच पंचाईत झाली होती. दोन वर्षांपूर्वी शनीच्या दोन्ही बाजूंना दिसलेले गोळे गायब.

"म्हणजे कडी आहेत."

"आहेत."

"पण दिसत नाहीत."

"नाही."

"स्टॉकबुकात आहे, गोदामात नाही," काका मागे वळून म्हणाले. हॉल हसला. मीही हसलो, कारण मला वाटलं विषय संपला.

"काका, यूट्यूबवरून चोरायचाच असता तर मी चांगला कडीवाला नसता का चोरला?"

"तिथेच तर गोम आहे. मुरलेला चोर कपाटात दोन नोटा ठेवून जातो. चोरी झालीय असं वाटू नये म्हणून." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आपण असं करू. वरच्या मुलाला फोन लावा. दुर्बिणीसमोर हात हलवायला सांगा. इथे हात दिसला, की मी सही करतो."

सही कशावर करणार होते देव जाणे. मी इथेच थांबायला हवं होतं. दुर्बिणीसमोर हात धरल्यावर काय होतं ते मला पक्कं माहीत होतं. पण पोरांनी 'हात! हात!' सुरू केलं होतं, आणि सत्तर माणसांसमोर 'नको' म्हणालो असतो तर निकाल तिथेच लागला असता. फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"मामा, कशाला पण?"

"हलव रे."

"डावा की उजवा?"

मी काकांकडे पाहिलं. "उजवा," काका म्हणाले. "डाव्या हाताने शुभकार्य करू नये."

"हलवतोय!" वरून आवाज आला.

पडद्यावर शनी किंचित मंद झाला. बस. बोट नाही, पंजा नाही, सावली नाही.

"हलव म्हणावं."

"हलवतोय की! दुखायला लागला!"

आता हे का होतं ते सोपं आहे. दुर्बीण अफाट लांबच्या वस्तूवर फोकस केलेली. तिच्या नाकासमोरचा हात तिला दिसतच नाही. आणि आठ इंची आरशाचा प्रत्येक तुकडा अख्ख्या शनीची प्रतिमा बनवतो, म्हणून अर्धा आरसा झाकला तरी अर्धा शनी दिसत नाही. पूर्ण शनीच दिसतो, फक्त फिका. मी हे सगळं माइकवर समजावून सांगितलं. लोकांचे चेहरे पाहताना कळलं, की खरी गोष्टसुद्धा लांबण लावून सांगितली की थाप वाटते.

काका शांतपणे ऐकून घेत होते. "म्हणजे हात आडवा आला तरी पलीकडचा शनी दिसतो."

"हो. अगदी बरोबर."

"मग स्लॅब आडवा आला तर?"

"अहो काका, स्लॅब..."

"नाही, आपलं विचारतोय. हातातून दिसतो, तर दुर्बीण इथेच ठेवायची ना. त्या पोराला थंडीत बारा मजले वर कशाला चढवलंत?"

टाळ्या. कार्यक्रमातल्या पहिल्या टाळ्या.

पडुआच्या विद्यापीठात गॅलिलिओचा क्रेमोनिनी नावाचा सहकारी प्राध्यापक होता. त्याने दुर्बिणीला डोळा लावायलाच नकार दिला होता. चारशे वर्षं लोक त्याला नावं ठेवतायत. मला तो आता बरा वाटतो. निदान घरी बसला. पहिल्या रांगेत येऊन दुर्बिणीचं ऑडिट केलं नाही त्याने.

मी भाच्याला झाकण लावायला सांगितलं. पडदा काळा. झाकण काढ. शनी परत. "बघा!" मी म्हणालो. काका उठले, भिंतीपाशी गेले, पंख्याचा स्विच बंद केला, चालू केला, आणि जागेवर येऊन बसले. एक अक्षर बोलले नाहीत.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या आजींनी विचारलं, की शनीकडे असं समोरून थेट बघायचं नसतं ना, मग पडद्यावर पाहिलेलं चालतं का? त्यांच्या सुनेची मीन रास, साडेसाती चालू. दुसऱ्या बाई म्हणाल्या, पडद्यावर चालतं, पण मोबाइलवर शूटिंग करू नये, घरात येतो. तिसऱ्यांना मेषेचं विचारायचं होतं. मी माइक धरून उभा. माझ्याजवळ दुर्बिणीचं माउंट होतं, कॅमेरा होता, आठ दिवस तयार केलेल्या स्लाइड्स होत्या. तोडगा नव्हता.

आणि मग मी अतिप्रामाणिकपणा केला. आयुष्यात नडला तो एवढाच गुण. विषय बदलावा म्हणून म्हणालो, "तसं पाहिलं तर हे अगदी या क्षणाचं नाहीच. आत्ता सात पंचवीस झालेत. हा प्रकाश शनीवरून निघाला तेव्हा सहा वाजून गेले होते. इथे पोचायला सव्वा तास लागतो."

काका ताडकन उभे राहिले.

"म्हणजे रेकॉर्डेड आहे! कबूल करताय!"

"काका, प्रकाशाचा वेग..."

"सव्वा तास जुनं आहे की नाही? हो की नाही, एवढंच सांगा."

"...हो."

"झालं तर." ते बसले. केस संपली होती.

नंतर ढग आला. पातळसा, दुधाच्या सायीसारखा. शनी पुसट झाला, लुकलुकला आणि विरघळला. ढगामागे चंद्र होता, त्यामुळे पडदा नुसता करडा उजळून राहिला. वरून भाचा ओरडत होता, "मामा, गेलं सगळं! काय करू?" मी पडद्यासमोर जाऊन उगाच लॅपटॉपची बटणं दाबत उभा राहिलो. मला वाटलं, आता हे मला खाणार.

काका माझ्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवला.

"आता पटलं," ते म्हणाले. "लाइव्ह आहे."

"आता? आता काही दिसतच नाहीये!"

"म्हणूनच. यूट्यूबवरचं असं बंद पडत नाही. अडतीस वर्षं तपासणी केलीय. ज्या खात्यात गोंधळ नसतो ते खातं बनावट." आणि मागे वळून मोठ्याने, "खरं आहे हो! बसा सगळे!"

पण बटाटेवडे आले होते. कुणी बसलं नाही.

प्रोजेक्टरचं भाडं अजून माझ्याच खिशात रुतलंय. खजिनदार म्हणतात, कार्यक्रम अपूर्ण राहिल्याने ठराव करावा लागेल. ते सोडा. मला सलतंय वेगळंच. हॉलचं दार उघडंच होतं. वीस पावलं टाकून अंगणात आलं असतं आणि मान वर केली असती, तर ढग येण्याआधी शनी नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, फ्लडलाइट असूनही. पिवळसर, न लुकलुकणारा. काकांना पडताळणीच करायची होती तर ती तिथे, बारा मजल्यांचं आणि लॅनच्या केबलचं काही काम नसताना, अर्ध्या मिनिटात झाली असती. सत्तरातला एकही उठला नाही. 'चला बाहेर, दाखवतो' हे मलाही सुचलं नाही. मीही पडद्याकडेच बोट दाखवत होतो. याचा राग काकांवर काढता येत नाही, म्हणून जास्तच येतो.

सोमवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काकांनी फोटो टाकला. खाली लिहिलं होतं: 'शनी. लाइव्ह. खात्री केली आहे.' मी फोटो मोठा करून पाहिला. करडा पडदा, आणि खालच्या अंगाला एक काळा, गुळगुळीत, वाटोळा आकार. मी लॅपटॉपवर वाकलो होतो तेव्हाची माझ्या टकलाची सावली.

बत्तीस अंगठे. सात जणांनी हात जोडले होते. कुणीतरी विचारलं, कडी कशी नाहीत? त्यावर तिसऱ्या मजल्यावरून उत्तर आलं, यंदा नसतात, काल सांगितलं ना त्यांनी. आणि इतका काळा कसा, या प्रश्नाला मीन राशीच्या सुनेच्या सासूबाईंनी उत्तर दिलं होतं: शनी काळाच असतो.