एमिट्सबर्गचा हिशेब

मी राहतो त्या मेरीलँड राज्यात, पेनसिल्व्हेनियाच्या सीमेला लागून, एमिट्सबर्ग नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १८१० च्या फेब्रुवारीत एलिझाबेथ ॲन सिटन या विधवेने मुलींची शाळा सुरू केली. न्यू यॉर्कच्या एका व्यापाऱ्याची ही पत्नी. नवऱ्याचा धंदा बुडाला, १८०३ मध्ये इटलीत तो वारला, पाच मुले पदरी राहिली, आणि १८०५ मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारल्यावर बऱ्याच सग्यासोयऱ्यांनी पाठ फिरवली. १८०९ च्या उन्हाळ्यात ती सोबतिणींसह येथल्या एका दगडी शेतघरात राहायला आली. माणसे सोळा आणि खोल्या चार. कॉफी परवडत नसे म्हणून गाजराची कॉफी करून पीत. ते घर अजून जपून ठेवले आहे. आत उभे राहिले की वसईतल्या आमच्या जुन्या घराची पडवी आठवते. सोळा जणांनी थंडीचे दिवस तेथे कसे काढले असतील, हे छताकडे पाहून समजत नाही.

मला मात्र त्या घरापेक्षा त्या शाळेच्या जमाखर्चाचे अधिक कुतूहल आहे. सुरुवातीला आल्या त्या जवळपासच्या तीन मुली, आणि त्यांच्याकडून फी घ्यायची नव्हती. पण नुसत्या सद्भावनेवर चूल पेटत नाही. म्हणून त्याच वर्षीच्या मे महिन्यात सधन घरांतल्या मुलींना फी घेऊन निवासी म्हणून दाखल करण्यात आले, आणि त्या फीच्या आधाराने गावातल्या मुलींचे शिक्षण फुकट चालू राहिले. दोन्ही प्रकारच्या मुली एकाच धर्मभगिनींच्या हाताखाली शिकत होत्या. सिटनबाईंना १९७५ मध्ये संतपद मिळाले. त्यांच्या प्रार्थना छापल्या जातात, त्यांचा हा हिशेब मात्र फारसा कोणी सांगत नाही.

हे सारे आठवण्याचे कारण घरचा वाद. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून सरसकट वगळणाऱ्या २०१४ च्या निकालाविषयी शंका व्यक्त केली आणि तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्याची शिफारस केली. तेव्हापासून आमच्या वसईकर नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढून चालवण्याचा दिलेला अधिकार धोक्यात आहे. दुसरा म्हणतो, सरकारचे अनुदान घेता म्हणून सरकार मान धरते; अनुदान सोडा आणि अमेरिकेतल्या चर्चसारखे स्वतःच्या हिमतीवर शाळा चालवा. या दुसऱ्या तटाला माझी साक्ष हवी असते, कारण मी अमेरिकेत आहे. ती साक्ष त्यांना आवडणार नाही.

अमेरिकेतल्या बिशपांनी १८८४ च्या बाल्टिमोर परिषदेत प्रत्येक धर्मग्रामाने, म्हणजे एका चर्चभोवतीच्या वस्तीने, दोन वर्षांत शाळा उभारावी असा नियम केला. सरकारी शाळांत प्रॉटेस्टंट बायबल वाचले जाई, त्यावरून १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगली होऊन चर्च जाळली गेली होती. त्यामुळे स्वतःची शाळा हा गरीब कॅथलिक स्थलांतरितांच्या दृष्टीने अब्रूचा प्रश्न होता. ऑरेगन राज्याने १९२२ मध्ये सर्व मुलांना सरकारी शाळेतच घालण्याचा कायदा केला, तो १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. म्हणजे शाळा चालवण्याचे स्वातंत्र्य पक्के झाले. पैशाचे मात्र तसे झाले नाही. पेनसिल्व्हेनिया व ऱ्होड आयलंड या राज्यांनी अशा शाळांतल्या गणित-विज्ञानासारख्या विषयांच्या शिक्षकांच्या पगाराला हातभार लावण्याची योजना केली, ती १९७१ मध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून येतो आणि घटनेचे तिसावे कलमच अनुदान देताना अल्पसंख्याक संस्थेशी भेदभाव करू नये असे बजावते, हे येथे कोणाला सांगितले तर खरे वाटत नाही.

मग त्या शाळा चालल्या कशावर? नाममात्र मानधनावर राबणाऱ्या धर्मभगिनींवर. १९५० च्या सुमारास कॅथलिक शाळांत दहातले नऊ शिक्षक व्रतस्थ होते. आज शंभरात तीनही नाहीत. व्रतस्थांच्या जागी घरसंसार असलेले शिक्षक आले, त्यांना रीतसर पगार द्यावा लागला, फी चढत गेली, आणि ज्या गिरणी कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढल्या त्यांनाच ती झेपेना. १९६० च्या दशकाच्या मध्यास या शाळांत ५२ लाखांवर मुले होती, आज सुमारे १७ लाख आहेत. इतर कारणेही आहेत, पण हे मोठे कारण. सिटनबाईंच्या परंपरेतली आठवीपर्यंतची लहान शाळा एमिट्सबर्गमध्ये अजून भरते. तिच्या थोरल्या भावंडाचे, सेंट जोसेफ कॉलेजचे, आवार मात्र १९७३ मध्ये कॉलेज बंद झाल्यावर केंद्र सरकारच्या अग्निशमन प्रशिक्षण संस्थेकडे गेले.

आता वसईकडे वळतो. मी चौथीपर्यंत आमच्या धर्मग्रामाच्या मराठी शाळेत शिकलो. माझी आई पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात भाजी घेऊन जात असे. फी भरावी लागली असती तर मी कदाचित केळीच्या वाडीतच राहिलो असतो. सिस्टर आमच्या पाट्या पालथ्या करायला लावून पाढे म्हणून घेत, आणि चुकलेल्याला शिक्षा म्हणून फळ्याजवळ उभे करून पुन्हा तोच पाढा म्हणायला लावत. त्या सिस्टरांचा पगार सरकार देत होते. त्या शाळेला अनुदानाने मारले नाही. तिच्या शेजारी, त्याच आवारात, चर्चने विनाअनुदानित इंग्रजी शाळेची तीन मजली इमारत बांधली, तेव्हा तिचे दिवस भरले. पट घटला, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, शिक्षक अतिरिक्त ठरले, छपराच्या दुरुस्तीला वेतनेतर अनुदान वेळेवर येईना. यंदा पहिलीत नऊ मुले आहेत, त्यांतली सहा वीटभट्टीवर कामाला आलेल्या आदिवासी कुटुंबांची.

गोव्यात हेच नाट्य मोठ्या रंगमंचावर झाले. १९९० च्या सुमारास प्रादेशिक भाषेतल्या प्राथमिक शाळांनाच अनुदान, असे सरकारने ठरवल्यावर चर्चच्या शाळा कोकणी माध्यमाकडे वळल्या. पालकांच्या दडपणाखाली २०११ मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान खुले केले, आणि त्या शाळा पुन्हा इंग्रजीकडे गेल्या. पालकांना मी दोष देत नाही. माझी स्वतःची मुलगी येथल्या सरकारी शाळेत इंग्रजीतून शिकते आणि मराठी तिला माझ्या आईच्या फोनपुरतीच येते, तेव्हा तो अधिकार मला नाही.

माझे म्हणणे चर्चच्या विश्वस्तांना उद्देशून आहे. अनुदान सोडण्याची भाषा करणाऱ्यांनी अमेरिकेतल्या बंद वर्गखोल्या मोजाव्यात, आणि तिसाव्या कलमाची ढाल पुढे करणाऱ्यांनी त्या ढालीमागे सध्या कोणाची मुले उभी आहेत ते पाहावे. शेजारच्या इमारतीतली फी, कायद्याच्या चौकटीत बसेल तितकी, मराठी शाळेच्या छपराला लावता येणार नाही का? दोन्ही शाळांना एकच क्रीडांगण, एकच ग्रंथालय, एकच स्नेहसंमेलन का नसावे? इंग्रजीचा चांगला शिक्षक आठवड्यातून चार तास पलीकडे का जाऊ नये? हे मी आमच्या धर्मग्रामाच्या समितीवर असलेल्या चुलतभावाला फोनवर विचारले. तो म्हणाला, "दादा, इंग्रजी शाळेचे पालक विचारतील, आमची फी त्या पोरांवर का?" मी त्याला एमिट्सबर्गचे सांगू लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले की, छपराचे पत्रे पावसाआधी बदलायचे आहेत, तू किती पाठवतोस.