‘संशोधनाला नको, ऑपरेशनला द्या’ म्हणणाऱ्यांसाठी

डोळ्यांच्या संशोधनाला देणगी देऊ नका, असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. मोतीबिंदूच्या एका ऑपरेशनने एक माणूस पाहू लागतो, संशोधनाने नुसते कागद वाढतात. त्याचा फायदा श्रीमंतांनाच. आणि संशोधनाला पैसे घालायला औषधकंपन्या आहेतच की, असं त्यात म्हटलंय. लिहिणाऱ्याला गरीब रुग्णाची कळकळ आहे, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

कागद वाढतात? आपल्या आज्या ऑपरेशननंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावायच्या. तो गेला, कारण आता डोळ्यातच भिंग बसवतात. वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या काचेचे प्लास्टिक तुकडे डोळा सहन करतो, हे लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी हेरलं आणि १९४९ साली पहिलं भिंग बसवलं. ज्या ऑपरेशनला तुम्ही देणगी मागता, ते याच ‘कागदां’तून आलं.

श्रीमंतांनाच फायदा? हे भिंग पूर्वी परदेशातून यायचं, किंमत शंभर डॉलरच्या घरात. मदुराईच्या अरविंद रुग्णालयाने १९९२ साली देणगीदारांच्या मदतीने भिंगं बनवणारी ऑरोलॅब उभारली आणि भिंग दहा डॉलरच्या आसपास आणलं.

तिसरा मुद्दा, औषधकंपन्यांचा, मला सर्वांत जास्त खटकतो. ऊस तोडताना पात डोळ्याला लागते, बुबुळात बुरशी शिरते, जखम चिघळते आणि पुढे फूल पडतं. आपल्या ऊसपट्ट्यात हे नवं नाही. यावर नॅटामायसिन हे जुनं औषध चांगलं की नवं, महागडं व्होरिकोनॅझोल? अरविंदच्या रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर चाचणी झाली. २०१३ मध्ये निकाल आला: जुनंच सरस. आपलं महाग औषध कमी पडतं, हे शोधायला कुठली कंपनी पैसे घालेल? इथे पैसा अमेरिकी सरकारचा होता, हे खरं. पण एवढे शेतकरी, मजूर ज्यांच्या दारात येतात, ती रुग्णालयं धर्मादाय म्हणूनच उभी राहिली होती.

एक गोष्ट मात्र मान्य, किमतीची. अमेरिकेत १९७१ पासून एक संस्था देणग्या गोळा करून आनुवंशिक अंधत्वावरच्या संशोधनाला पैसे देते. त्यातल्या एका प्रकारावर २०१७ साली जनुक-उपचार मंजूर झाला, तोही तिच्या मदतीवर उभ्या राहिलेल्या कामातून. किंमत दोन्ही डोळ्यांना मिळून साडेआठ लाख डॉलर. यावर राग येणं रास्त आहे. पण म्हणून देणगी थांबवू नका. देतानाच विचारा की औषध निघालं तर गरिबाला कितीला मिळेल, आणि उत्तर लेखी घ्या.