साठ लिटरचा खोका आणि तीन इंची पाइप : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. स्पीकरच्या साठ लिटरच्या खोक्याचे ट्युनिंग, म्हणजे खोक्यातली हवा पाइपातून ज्या वारंवारतेला सर्वांत जोरात हलते ती, 30 हर्ट्झवर आणण्यासाठी मी मूळ लेखात 10 सेंमी व्यासाचा आणि 36 सेंमी लांबीचा पाइप सुचवला होता. त्यावर आपले म्हणणे असे, की 7.5 सेंमीचा 19 सेंमी लांब पाइपही तेच ट्युनिंग देतो, जागा वाचवतो आणि आपल्या घरी गाणी उत्तम वाजतात. शिवाय पाइपने व्यापलेली जागा मी हिशेबात धरलेली नाही, असाही आपला आक्षेप आहे.

ट्युनिंगचे आपले गणित बरोबर आहे, पण पोर्टचा, म्हणजे या पाइपचा, प्रश्न ट्युनिंगपाशी संपत नाही. ट्युनिंगच्या वारंवारतेला स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) जवळजवळ स्थिर असतो आणि आवाजाचे बहुतेक काम पाइपातली हवा करते. एक मीटरवर 30 हर्ट्झचा 100 डेसिबल आवाज हवा असेल, तर जमिनीवर ठेवलेल्या खोक्याच्या 10 सेंमी पाइपात हवेचा कमाल वेग सेकंदाला सुमारे 10 मीटर होतो, आणि आपल्या पाइपात सुमारे 18. साधारण 17 मीटरच्या पुढे फुसफुस ऐकू येऊ लागते, असा सावध ठोकताळा आहे. आणखी 6 डेसिबल वाढवले की दोन्ही आकडे दुप्पट होतात. गाण्यांत आपल्याला हा दोष जाणवला नाही याचे नवल नाही, कारण नेहमीच्या चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खालच्या स्वराची तारसुद्धा 41 हर्ट्झची असते. 30 हर्ट्झचा शुद्ध स्वर लावून आवाज हळूहळू वाढवावा आणि पाइपाच्या तोंडाशी कान द्यावा.

हवा कमी पडल्यास तसाच दुसरा पाइप जोडण्याची आपली सूचना मात्र मला मान्य नाही. दोन पाइपांनी क्षेत्रफळ दुप्पट होते आणि लांबी तीच ठेवली तर ट्युनिंग 42 हर्ट्झवर चढते. 30 वर राहायचे असेल तर प्रत्येक पाइप सुमारे 44 सेंमी लांब लागेल, म्हणजे जागेची बचत संपलीच. आणखी एक शंका : बाजारात 75 मिमी म्हणून मिळणाऱ्या पीव्हीसी पाइपचे ते माप बाहेरचे असते. आतला व्यास 7 सेंमी निघाला, तर आपला खोका 30 नव्हे, 28 हर्ट्झवर आहे.

पाइपच्या जागेबद्दलचा आपला आक्षेप मात्र पूर्णपणे रास्त आहे. माझा पाइप जाड भिंतीचा, बाहेरून 11 सेंमीचा असल्यामुळे तो खोक्यातले सुमारे सव्वातीन लिटर खातो, आणि प्रत्यक्ष ट्युनिंग 31 हर्ट्झच्या जवळ जाते. ते दुरुस्त करण्यासाठी पाइप 39 सेंमीचा लागेल. पण खोक्याची आतली खोली 45 सेंमी असल्यामुळे मागे आठ सेंमीही मोकळे राहणार नाहीत, आणि तिथे निदान एका व्यासाइतकी जागा हवी. एल्बो (काटकोनी जोड) लावून पाइप वळवण्याऐवजी मी माझा खोका 31 वरच ठेवणार आहे. मूळ लेखात खोक्याचे माप सव्वातीन लिटरने वाढवून दुरुस्ती करतो.