एकासाठी सदतीस जणांचं नुकसान? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. अवधानाची अडचण (एडीएचडी), म्हणजे लक्ष टिकवणं आणि एका जागी बसणं जड जाणं, असलेल्या मुलांबद्दल ‘एका चंचल मुलाचे लाड करताना बाकीच्या सदतीस जणांचा अभ्यास बुडतो, आमच्या वेळी दोन छड्यांत अशी पोरं सरळ व्हायची,’ असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही तीस वर्षं वर्ग सांभाळलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

अभ्यास बुडतो, खरं आहे. माझ्या चौथीच्या वर्गात तो कशानं बुडतो, हे मी आठवडाभर वहीत टिपलं. असा एक मुलगा जागेवरून उठायचा, त्यात क्षणभरच जायचा. वेळ जायचा माझ्या ओरडण्यात. मी दरडावलं की सगळा वर्ग माना वळवून त्याच्याकडे बघायचा आणि पुन्हा गणिताकडे यायला पाच मिनिटं लागायची.

‘वह्या काढा, तारीख घाला, पुस्तक उघडा, पहिली पाच गणितं करा, झाली की दाखवा’ हे मी एका दमात सांगत असे. वही काढेपर्यंत त्याच्या डोक्यातून पुढचं सगळं निसटलेलं असायचं. आता हे फळ्यावर एकाखाली एक लिहिते. त्याचं पान दुमडून दोनच गणितं समोर ठेवते. ती झाली की तो उठून दाखवायला येतो. उठायचं त्याला होतंच, आता कारण मिळालं. आणि ‘बाई, आता काय करायचं?’ हे विचारणं सगळ्याच वर्गाचं कमी झालं.

छडी २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नं बंद केली. कायदा नसता तरी मी ती उचलली नसती. छडीनं मूल गप्प बसतं, पण त्याचं लक्ष गणितात जातं असं नाही. माझ्याकडे खिडकीपाशी एक मुलगी बसते. उठत नाही, बोलत नाही. वही मात्र अर्धी कोरी. अवधानाची अडचण अशीही असते, मुलींत तर ती फार वेळा नजरेतून सुटते. दोन वर्षं आम्ही तिला ‘शहाणी’ म्हणत राहिलो, याचं मला फार वाईट वाटतं.

या अडचणीचं निदान करणं माझं काम नाही. त्रास सहा महिन्यांहून जास्त आहे का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे आहे का, हे डॉक्टर बघतात. मी पालकांना माझ्या नोंदी देते.

‘सगळं एकट्या शिक्षकावर टाकू नका’ हे तुमचं म्हणणं मात्र मला शंभर टक्के मान्य. प्राथमिकला साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक हवा, माझ्यासमोर ३८ आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) आहे, अवधानाची अडचण स्वतंत्रपणे नाही. मग विशेष शिक्षक मागायचा कशाच्या आधारावर? यासाठी तुम्ही निवेदन लिहिलंत, तर खाली पहिली सही माझी असेल.