वसंत ऋतू, तिसरा मजला

वसंत ऋतूला पंचांगात दोन महिने दिलेत, चैत्र आणि वैशाख. त्यातल्या वैशाखाला आपण वणवा म्हणतो. एवढं वेळेवर ध्यानात घेतलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण मी बागकाम शिकलो व्हिडिओ बघून. त्यात हातमोजे घातलेल्या एक गोऱ्या आजी सांगत होत्या, शेवटचं बर्फ वितळून जमीन मऊ झाली की नवशिक्यांनी कामाला लागावं. मी राहतो पुण्यात. इथे पारा 8 अंशांवर आला तरी पेपरात शेकोटीचा फोटो येतो. तरी आजींच्या भरवशावर मी फेब्रुवारीभर थांबलो. मार्च उजाडला तेव्हा कुंड्यांतल्या मातीची वीट झालेली होती.

कुंड्या एकूण सतरा. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघायला गेलो होतो, फक्त बघायला, आणि येताना रिक्षात मला बसायला जागा उरली नाही. त्यातला मोगरा तेवढा आईसाठी, म्हणजे तिला फोनवरून दाखवण्यासाठी घेतला होता.

"मोगऱ्याची छाटणी केलीस का रे?" आईने सांगलीहून विचारलं. "जानेवारी सरता सरता करायची. थोडे दिवस पाणी तोडायचं, पानं ओरबाडायची, फांद्या कापायच्या, मग शेणखत घालून पाणी सोडायचं. मग बघ कसा फुलतो."

"आई, मार्च लागला."

"मग आता कर. पण बेतानं."

हा 'बेतानं' म्हणजे बागकामातलं अधिकृत माप. पाणी बेतानं, खत बेतानं, ऊनसुद्धा बेतानं. माझा बेत आणि आईचा बेत यांत किती फरक आहे, ते छाटणीनंतर मोगऱ्याकडे बघून कळलं. कुंडीत कोणी तरी पेन्सिली खोचून ठेवल्यासारखं दिसत होतं. कात्री हातात होतीच, म्हणून गुलाबही उरकला. गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात करतात, हे आईने नंतर सांगितलं. आईची निम्मी माहिती 'नंतर' असते.

मग कुंड्या बदलायचं काम. माती, शेणखत आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकत्र कालवायचं, म्हणजे माती भुसभुशीत राहते आणि ओलावा धरते. नर्सरीवाला म्हणाला, "साहेब, कोकोपीटची पाच किलोची वीट न्या, परवडते." मला परवडते हा शब्द आवडतो. रात्री जेवणं झाल्यावर वीट आंघोळीच्या बादलीत ठेवली, वर पाणी ओतलं आणि झोपलो.

वेष्टनावर लिहिलेलं असतं, ही वीट भिजली की सत्तर लिटरच्या आसपास भुसा होतो. बादली वीस लिटरची. उरलेले पन्नास लिटर कुठे जातात, असा प्रश्न शाळेच्या गणितात कधी आला नव्हता. पहाटे बायकोने न्हाणीघराचं दार ढकललं तर ते आतून कोणी तरी धरल्यासारखं अर्धंच उघडलं. बादली दिसत नव्हती. तिच्या जागी एक तपकिरी टेकडी होती आणि टेकडीच्या माथ्यावर आमचा मग. मी दोन बादल्या, पिंप, घमेलं, मुलीचा लहानपणीचा टब आणि (हे अजून घरात कोणाला माहीत नाही) पुरणाचं मोठं पातेलं, सगळं भरलं. तरी टेकडी हटेना. उरलेला भुसा सोसायटीच्या बागेला दान केला. नोटीस बोर्डावर माझे आभार लागले. खाली कंसात, पुन्हा देण्यापूर्वी विचारावे.

भेंडी आणि गवारीबद्दल बोलण्यासारखं काही नाही. बिया रात्रभर भिजवून पेरल्या, चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब आले, सहाव्या दिवशी कबुतरं आली.

जास्वंदीवर मात्र पांढरा कापूस धरलेला दिसला. मला वाटलं कळ्या येतायत. दोन दिवस कौतुकाने पाणी घातलं. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, "अरे, या कळ्या नव्हेत, कीड आहे, पिठ्या ढेकूण. निंबोळी तेल मार." लिटरभर पाण्यात चमचाभर तेल, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, चांगलं हलवायचं आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारायचं. एवढं सोपं. पण संध्याकाळी मॅच होती, म्हणून सकाळी फवारलं. आणि बेताचा मला कंटाळा आला होता, म्हणून तेल चार चमचे घातलं. कुजक्या लसणात शेंगदाणे भाजावेत तसा वास सुटला. वारा छान होता.

खालून हाक आली, "अहो, वर कोण आहे?"

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची गॅलरी आमच्यापेक्षा हातभर पुढे आलेली आहे. तिथे स्वच्छ धोतरावर ओळीने कुरडया घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटे चारला उठून शिजवून, सोऱ्याने पाडलेल्या. त्यांच्यावर निंबोळी तेलाचे बारीक थेंब उन्हात चमकत होते. किडीपासून आता त्यांना कसलीच भीती नव्हती. मी हे काकूंना सांगितलं. सांगायला नको होतं.

काकू काही बोलल्या नाहीत. पुण्यात हे फार वाईट लक्षण आहे.

तीन दिवसांनी पाडवा. गुढी उभारली, कडुलिंबाची कोवळी पानं, गूळ, ओवा, हिंग वाटून घरात सगळ्यांना वाटलं, आणि बेल वाजली. काकूंचा नातू ताटली घेऊन उभा. ताटलीत तळलेल्या कुरडया, पांढऱ्याशुभ्र, फुललेल्या, छाटलेल्या मोगऱ्याने लाजावं अशा.

"आजीने सांगितलंय, काकांनी माझ्यासमोर खायची."

मी एक तुकडा मोडला. नातू जागेवरून हलला नाही.

"कशी आहे, विचारलंय."

"गूळ घेऊन येतो," मी म्हणालो.